चारशे बारा दाणे

अनंतबुवा हरदास प्रत्येक कीर्तनात एकदा मुद्दाम चुकत.

उत्तररंग रंगात आलेला असे, पेटीवाला डोळे मिटून मान डोलवत असे, आणि बुवा हळूच आख्यानात काहीतरी खोटं घुसडत. त्यांचं लाडकं आख्यान त्यांनी स्वतःच रचलं होतं. एका धनवंताकडे सहस्रभोजन असतं. दारावर द्वारपाल. त्याला हुकूम असा की, कपाळाला गंध असेल त्यालाच आत सोडायचं. भर दुपारी देव येतो. उपाशी, धुळीने माखलेला, कपाळ कोरडं. द्वारपाल त्याला हाकलून देतो. पंगत उठल्यावर उंबऱ्यापाशी उमटलेली पावलं त्याला दिसतात, आणि तो ऊर बडवत माळावर धावत सुटतो. पण माळ मोठा असतो. बस्स, एवढंच आख्यान. बुवा ते दीड तास सांगत आणि बाया पदराने डोळे पुसत.

तर या आख्यानात बुवा मध्येच म्हणत, "देव आला हो, कपाळाला हे एवढं केशरी गंध लावून!"

पहिल्या रांगेतली सहा वर्षांची गौतमी ताडकन हात वर करी. "बाबा, गंध नव्हतं!"

सभामंडप हसे. बुवा चिपळ्या थांबवून म्हणत, "बघा मंडळी, एक जण तरी जागं आहे."

घरी जाताना ते तिला सांगत, "खोटं पेरायला हरकत नाही, गौते. माणसं ऐकतायत का डुलक्या घेतायत ते कळतं. पण आरतीआधी ते उपटून घ्यायचं. कुणी ते खोटंच घरी घेऊन गेला, तर पाप त्याचं नव्हे. आपलं."

ही गौतमी पुढे पदार्थविज्ञान शिकली आणि माणदेशातल्या महावलयावर नोकरीला लागली. तिथे तिला कोणतं काम मिळालं हे ऐकून बुवा खदखदून हसले होते. "म्हणजे माझाच धंदा की गं!"

म्हसवडच्या पलीकडे, कुसळं आणि मेंढरं सोडून काही न दिसणाऱ्या माळाखाली, नव्वद मीटर खोल काळ्या कातळात एकतीस किलोमीटरचा गोल बोगदा खणला होता. त्यात प्रोटॉनचे दोन झोत उलटसुलट धावत, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने, आणि एका जागी एकमेकांवर आदळत. त्या जागेभोवती चार मजली इमारतीएवढा शोधक उभा होता. टकरीतून शेकडो कण उधळत, आणि शोधक त्यांच्या वाटा टिपी.

अडचण एकच होती. झोत सेकंदाला चार कोटी वेळा एकमेकांना भिडत. एवढं साठवून ठेवायला पृथ्वीवर जागा नाही. म्हणून शोधकाच्या अंगातच एक शिकवलेलं यंत्र बसवलेलं होतं. डोळ्याचं पातं लवायच्या हजारो पट आधी ते ठरवी, ही घटना ठेवायची की सोडायची. चार कोटींतल्या हजारभर ठेवी. बाकीच्या गेल्या. गेल्या म्हणजे गेल्याच. त्यांची कुठेही नोंद नाही. पहिल्याच बैठकीत गौतमी त्याला 'द्वारपाल' म्हणून गेली, आणि ते नाव असं चिकटलं की जपानहून आलेली मंडळीसुद्धा 'द्वारपाल-सान' म्हणू लागली.

गौतमीचं काम मीठ घालायचं. दहा दहा वर्षं एकाच गोष्टीच्या मागे लागलेल्या माणसाला ती गोष्ट ढगातही दिसू लागते. नाहीतर डोळे इतके थकतात की समोर आली तरी दिसत नाही. म्हणून शोधणाऱ्यांची परीक्षा घ्यायची रीत होती. संगणकावर बनवलेल्या खोट्या घटना, अगदी खऱ्यासारख्या, साठवलेल्या नोंदींत गुपचूप मिसळायच्या. त्याला सगळे मीठ म्हणत. कुठे किती दाणे घातले ते एकाच माणसाला ठाऊक, आणि ते माणूस म्हणजे गौतमी. शोधणाऱ्यांनी सगळं काम संपवून निकाल पुढे ठेवला की ती आपली यादी उघडी आणि दाणे वेचून बाजूला काढी. आरतीआधी.

अंकुश विरकर तिला भेटला तो या मिठापायीच. तो इथल्याच माळावरचा. आईमागे दोन दोन कोस पाण्याला गेलेला आणि तरी शिकलेला. तो एका कणाच्या मागावर होता. तो कण जन्मतो, पण वाट उमटवत नाही. हात-दोन हात तसाच अदृश्य जातो आणि मग फुटतो. शोधकात दिसतं ते एवढंच, की रिकाम्या जागेतून अचानक दोन रेघा निघाल्या. केंद्रातली मंडळी त्याला अबोल कण म्हणत. वलय सुरू झाल्याच्या तिसऱ्या वर्षी अंकुशला अशा घटना सापडल्या. एक नाही, दोन नाही, चारशे बारा.

नऊ दिवस त्याच्या खोलीचं दार बंद होत नव्हतं. दहाव्या दिवशी निकाल पुढे ठेवला गेला आणि गौतमीने यादी उघडली.

"सगळं मीठ?" त्याने विचारलं.

"सगळं. चारशे बाराच्या चारशे बारा. तुम्ही एकही दाणा सोडला नाहीत, अंकुशराव. खरं तर हे कौतुकच आहे."

"आगं बाई," तो मटकन खुर्चीत बसला. "नऊ दिस गणपती बसवल्यागत नाचलो की मी!" आणि मग तो जो हसायला लागला, तो डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्या पाण्यात हसणं किती होतं आणि काय किती, ते गौतमीला कळलं नाही. पुढच्या वर्षी त्यांनी लग्न केलं. तेव्हापासून जेवायला बसलं की तो रोज विचारी, "आज मीठ किती घातलंयस?" आणि ती म्हणे, "ते सांगितलं तर परीक्षा कसली?"

वलय दहा वर्षं चाललं आणि बंद झालं.

अबोल कण मिळाला नाही. अंकुशने तेही पचवलं. "नाही म्हणजे नाही," तो म्हणायचा. "नाही हेसुद्धा कळलंच ना? चौदा वर्षं घालवून मी जगाला एक दार बंद करून दिलं. आता त्या दारावर कुणी डोकं आपटू नये." सहा महिन्यांपूर्वी त्याने तसा मसुदा सगळ्या जगापुढे ठेवला होता: या मर्यादेपर्यंत असा कण नाही. पलीकडच्या खंडात पुढचं मोठं वलय आखत होते, त्यांनी तो वाचून आपल्या आराखड्यातून अबोल कणाचा शोधक काढूनही टाकला.

बोगदा आता पाण्याला मिळणार होता. चुंबकं निघाली, तारा निघाल्या, आणि उपशाचं पाणी त्या एकतीस किलोमीटरात साठवून चार गावांना द्यायचं ठरलं. चैत्रात जलपूजन. त्यात अनंतबुवांचं कीर्तन. बुवा आता एकोणऐंशीचे. सात-आठ वर्षं लेक-जावयाकडेच होते. अलीकडे ते जेवलो की नाही ते विसरत. पण आख्यान तोंडपाठ होतं, म्हणून घरातले निर्धास्त होते.

जलपूजनाला तीन आठवडे होते. गौतमी मिठाची वही कायमची बंद करत होती. बंद करण्याआधी तिने सहज, निव्वळ नीटनेटकेपणाची सवय म्हणून, जुनं मीठ द्वारपालापुढे सोडून पाहिलं. इतकी वर्षं हे कुणी केलंच नव्हतं, कारण मीठ नेहमी दाराच्या आतल्या नोंदींत पडायचं. त्याला दार ओलांडावं लागत नसे. ती अंकुशचेच चारशे बारा दाणे घेऊन बसली. यंत्राची शेवटची आवृत्ती. चारशे बारा दाराशी गेले.

आत सोडले शून्य.

तिने पुन्हा केलं. शून्य. पहिल्या वर्षीचा द्वारपाल लावला. तीनशे नव्व्याण्णव. दुसऱ्या वर्षीचा, चारशे एक. चौथ्या वर्षीपासून पुढे शून्य, शून्य, शून्य.

काय झालं असेल ते तिला शोधावं लागलं नाही. ते तिने स्वतःच केलं होतं. तिसऱ्या वर्षी वेचलेलं मीठ कुठे ठेवायचं हा प्रश्न होता. वेगळी पेटी केली, तर कुणीही ती उघडून मिठाचा चेहरामोहरा शिकून घेईल आणि पुढच्या परीक्षांना अर्थ उरणार नाही. म्हणून तिने ते दाणे शोधकाच्या कचरापेटीत टाकले. बिघडलेल्या तारांमुळे, भरकटलेल्या किरणांमुळे उमटणाऱ्या खोट्या रेघा त्या पेटीत जात. त्या ढिगात कुणाला ओळखू येणार? आणि तिला वाटलं होतं, काय झाकलंय मी!

द्वारपाल त्याच पेटीवर शिकत असे. पेटीत जे असेल, तसं काही दारात दिसलं की हाकलायचं. दर वर्षी त्याला नवा धडा दिला जाई. चौथ्या वर्षीच्या धड्यात अंकुशचा कण होता, हुबेहूब, चारशे बारा वेळा. द्वारपालाची तपासणी व्हायची ती संगणकातल्या सिम्युलेशनवर. म्हणजे सगळ्या टकरी खोट्या रचायच्या आणि त्या द्वारपालाच्या नकलेपुढे सोडायच्या. ती नक्कल मात्र दुसऱ्या वर्षीची होती, म्हणून तपासणीत अबोल कण दर वर्षी सुखरूप आत जाई. सिम्युलेशनवाले वेगळे, द्वारपालवाले वेगळे. नक्कल ठीक आहे असं दोघेही दर वर्षी एकमेकांच्या भरवशावर लिहीत.

कचरापेटीत काय पडलंय हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगू शकणारं एकच माणूस होतं. त्याला गुपित राखायची शपथ होती, आणि त्याने ती राखली.

घरी आली तेव्हा अंकुश ओसरीवर बुवांच्या चिपळ्यांची झांज बसवत होता. बुवा शेजारी आरामखुर्चीत पेंगत होते.

"अंकुश, मसुदा मागे घे."

"का? शुद्धलेखन?" तो हसला. मग त्याने तिच्याकडे पाहिलं आणि चिपळ्या खाली ठेवल्या.

तिने सगळं सांगितलं. बोलणं संपल्यावर तो झांजेचा एक खिळा बोटांत फिरवत बसला.

"म्हणजे सात वर्षं," तो शेवटी म्हणाला, "मी बंद दाराच्या आत बसून म्हणत होतो की बाहेर कुणी न्हाय."

"मी पेटी वेगळी करायला हवी होती. मी एक ओळ लिहायला हवी होती. एक ओळ, अंकुश."

"तू मला त्या दहाव्या दिवशी सांगायलाच आली नसतीस तर?"

"तर तू खोटा शोध छापला असतास."

"व्हय. मग चार लोक मला खोडायला धावले असते. शोधून शोधून खोडलं असतं." त्याने खिळा ठेवला. "शोधलं तरी असतं."

तिला वाटलं, हा ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो उठला आणि बुवांची घसरलेली शाल सारखी करून आत गेला. त्या दिवशी ती आमटीत मीठ घालायला विसरली. तो मुकाट्याने जेवला. काही विचारलं नाही.

एक फट मात्र राहिली होती. द्वारपालावर नजर ठेवायची म्हणून लाखातली एक घटना त्याला न विचारता, डोळे मिटून आत घेतली जाई. त्या घटना कुणी चाळत नसे. त्यात मिळणार काय? अंकुश त्यांच्या मागे लागला. सात वर्षांच्या नोंदी. बारा दिवस तो केंद्रातून फक्त आंघोळीला घरी आला. तेराव्या दिवशी दुपारी त्याने गौतमीला बोलावलं.

पडद्यावर शोधकाचा आडवा छेद होता, आणि मधोमध, रिकाम्या जागेतून फुटलेल्या दोन रेघा.

"एकच आहे," अंकुश म्हणाला. "आता तू सांग. तुझा आहे का?"

गौतमीने दहा वर्षांची यादी उघडली. तिने आजवर शेकडो वेळा ती उघडली होती, आणि प्रत्येक वेळी कुणाचं तरी तोंड पडलं होतं. आज पहिल्यांदाच यादीत नंबर असावा असं तिला वाटलं. असला तर खेळ संपेल. मीठ आहे, अंकुश. जाऊ दे. चल घरी.

तिने तीनदा शोधलं.

"नाही," ती म्हणाली. "माझा नाही."

तो पडद्याला बोट न लावता, रेघांवरून हवेतच बोट फिरवत राहिला. "लाखातला एक आपण न विचारता घेत होतो. त्यात हा एक. म्हणजे झोत पूर्ण ताकदीला आल्यावरच्या या सात वर्षांत लाखभर येऊन गेले, गौतमी. दारावरून. किंवा एकही आला नाही आणि हा नुसता योगायोग आहे. एका घटनेवरून दोन्ही म्हणता येतं."

"यातलं काय खरं, ते कशाने कळेल?"

"वलय चालवून."

केंद्राच्या संचालक डॉ. झुबेदा शिकलगार यांनी दोघांचं बोलणं उभ्यानेच ऐकलं. मग त्या बसल्या आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"एक घटना, अंकुश?"

"एकच, मॅडम."

"कुणी दुसऱ्याने एक घटना घेऊन इथे यावं, तर तू त्याला काय म्हणाला असतास?"

"चहा पाजून परत पाठवलं असतं."

"चुंबकं निघाली. तुकडे करून गेली सुद्धा. समज, मी सगळ्यांच्या पाया पडून दहा वर्षांनी ती परत बसवली. पण आज ते पाणी थांबवा, हे मी कुणाला जाऊन सांगू? तीन वर्षं वाट बघतायत चार गावं. तुझीच भावकी आहे त्यात." त्यांनी चष्मा पुन्हा उचलला. "तू सांगशील? तू सांगणार असशील, तर मी येते तुझ्याबरोबर."

अंकुशने खिडकीबाहेर पाहिलं. दूर बांधाबांधाने दोन बायका घागरी घेऊन चालल्या होत्या.

"नको," तो म्हणाला. "पाणी सोडा."

गौतमीने दुरुस्ती लिहिली. आपल्या नावानिशी, एक शब्द न झाकता: शेवटच्या सात वर्षांच्या नोंदींवरून या कणाबद्दल काहीही म्हणता येत नाही; चूक माझी. ती जगभर गेली. पलीकडच्या खंडातून सभ्य उत्तर आलं, की प्रामाणिकपणाबद्दल आभार; आराखडा मात्र मंजूर झालेला असून खोदाई सुरू आहे. त्यात त्या शोधकाला आता जागा नाही. पुढचं वलय निदान चाळीस वर्षांनी.

चाळीस वर्षांनी अंकुश पंच्याऐंशीचा होणार होता. त्याने उत्तर वाचलं, घडी घातली, आणि विचारलं, "बुवांचं औषध दिलंस का?"

जलपूजनाच्या दिवशी बोगद्याच्या तोंडाशी मांडव पडला. चार गावं लोटली होती. बायांनी नवी लुगडी नेसून कलश आणले होते. उपशाचं पाणी सकाळीच सोडलं होतं. मांडवाशेजारच्या विवरातून त्याचा आवाज वर येत होता. खोल, घुमणारा, कुणीतरी खाली मृदंग लावत असावं तसा. एक म्हातारी कठड्यापाशी हात जोडून उभी होती. "आईऽऽ, आलीस गं बाई," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. अंकुश तिच्याकडे पाहत राहिला. मग गौतमीशेजारी, पहिल्या रांगेत, येऊन बसला.

अनंतबुवा उभे राहिले आणि वीस वर्षांनी लहान झाले. पूर्वरंग असा बांधेसूद केला की गौतमीचा ऊर भरून आला. मधे हार पडला, बुका लागला. बुवांनी उपरणं सावरलं आणि आख्यान लावलं. सहस्रभोजन, दार, द्वारपाल, हुकूम. भर दुपार झाली.

"आणि देव आला हो," बुवा गर्जले, "कपाळाला हे एवढं केशरी गंध लावून!"

गौतमी हसली. कितीतरी दिवसांनी हसली. बाबांना अजून आठवतंय. तिने अंकुशला कोपराने ढोसलं. "बघ आता, थांबतील."

बुवा थांबले नाहीत.

"गंध पाहिलं आणि द्वारपालाने दार उघडलं. या देवा, म्हणाला, बसा. पान मांडलं, वाफाळता भात वाढला, वर तूप. देव पोटभर जेवला बरं का मंडळी! तृप्त झाला!"

बाया डोळे पुसू लागल्या, पण त्यांचे चेहरे फुललेले होते. कुणीतरी "बोला, जय हरी!" म्हणालं आणि सगळा मांडव गजरात बुडाला. बुवांच्या चेहऱ्यावर निर्मळ आनंद होता. त्यांनी काही पेरलं नव्हतं. त्यांना आता आख्यान एवढंच ठाऊक होतं.

गौतमीने हात वर केला.

बेचाळीस वर्षांची बाई, चार गावांसमोर, पहिल्या रांगेत. टाळ वाजत होते. तबकात कापूर पेटला होता. बुवांची नजर फिरत फिरत तिच्यावर आली, थांबली, आणि वर गेलेल्या त्या हाताकडे बघून ते मायेने हसले.

"थांब हं बाळ," ते म्हणाले, "प्रसाद आरतीनंतर."

तिचा हात तसाच वर राहिला. अंकुशने तो मनगटाशी धरला, हळूच खाली आणला आणि आपल्या मांडीवर ठेवून घेतला. विवरातला आवाज आता थोडा वर आल्यासारखा वाटत होता.

लोक उभे राहिले. आरती सुरू झाली.